पोस्टमनला काय सांगायचं

तुरुंगाच्या शिवणखात्यात मास्तरांनी एकवीस वर्षं मशीन चालवलं. बाहेरही ते शिंपीच. दुकानात मेव्हण्याशी भांडण जुंपलं, हातातली कात्री लागली, मेव्हणा गेला. त्या दिवसापासून बायकोने तोंड दाखवलं नाही. थोरली बहीण यायची. ती वारल्यावर कैद्यांना भेटायच्या दिवशी त्यांच्या नावाचा पुकारा कधी झालाच नाही.

डोळ्यांना सुई दिसेना, गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांना म्हाताऱ्यांच्या बराकीत हलवलं. तिथे खाटा बुटक्या, न्हाणीत धरायला नळ्या, पायऱ्यांऐवजी उतार. दारावरचा शिपाई म्हणायचा, "इथून पळायचं म्हटलं तरी आधी कुणीतरी हात द्यायला हवा!"

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होता. रोज सकाळी तो विचारायचा, "मास्तर, मी इथे कशाला आलोय हो?"

पहिल्यांदा मास्तरांनी शिपायाकडून माहिती काढली आणि खरं ते सांगून टाकलं. "बायकोला मारलंत तुम्ही. रागाच्या भरात."

पोस्टमन आ वासून बघत राहिला. मग दुपारपर्यंत रडला, जेवला नाही. संध्याकाळी सगळं विसरला. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणं. तिसऱ्या दिवशी मास्तरांची जीभ रेटेना.

"गुडघ्याच्या इलाजाला आलात," ते म्हणाले.

"हात्तिच्या! मग ही येईल न्यायला."

"येतील की."

तेव्हापासून मास्तरांनी त्याला भात कालवून भरवला, सदऱ्याची बटणं लावली. कधीकधी मात्र त्यांना त्याचा हेवा वाटे. त्यांना स्वतःला सगळं लख्ख आठवत होतं.

खुनानंतर अकरा वर्षांनी पोस्टमनची मुलगी पहिल्यांदाच भेटायला आली. पोस्टमनच्या चाकाच्या खुर्चीमागे मास्तर उभे होते. जाळीपलीकडे ती ताठ बसली होती.

"एकदा तरी म्हणा, चुकलं. तेवढंच ऐकायला आलेय."

पोस्टमनने तिच्याकडे निरखून पाहिलं. "बाई, तुम्ही कोणाकडच्या? आई बरी आहे ना तुमची?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मास्तरांकडे पाहिलं. "नाटक करताहेत?"

"नाही गं, पोरी. खरंच आठवत नाही त्यांना."

"मग मी रागवायचं तरी कुणावर?"

मास्तर जाळीजवळ सरकले. "मी दोनदा सांगितलं होतं त्यांना. दोन्ही वेळा ऊर फुटेस्तोवर रडले. तिसऱ्यांदा माझीच छाती झाली नाही. तू म्हणत असशील तर आत्ता सांगतो."

"रडताना काय म्हणाले?"

"आईचं नाव घेत होते तुझ्या. दुसरं काही नाही."

पोस्टमन तिच्या बांगड्यांकडे बघून हसत होता. वेळ संपल्याची हाक आली तेव्हा ती उठली. "नका सांगू," म्हणाली. मग वळून तिने विचारलं, "काका, तुमच्याकडे कोण येतं?"

"येतात ना, येतात," मास्तर म्हणाले.

थंडीत पोस्टमनच्या छातीत कफ झाला. त्याला दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी त्याची गादी उन्हात टाकलेली दिसली, तेव्हा मास्तरांना कळलं. मुलगी देह घ्यायला आली होती म्हणे. मास्तरांना फाटकापर्यंत जाऊ दिलं नाही.

त्यानंतर सकाळी उठल्यावर त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. असा आठवडा गेला. मग शिपायाला म्हणाले, "एक पत्र लिहून देता का? मला अक्षर दिसत नाही."

"कुणाला?"

"बायकोला."

शिपाई कागद घेऊन खाटेच्या कडेला टेकला. मास्तर घसा खाकरत राहिले. शेवटी म्हणाले, "लिहा. तुझ्या भावाला मी मारलं. माझं चुकलं. हे मी कधीच बोललो नाही."

"पुढे?"

"पुढे काही नाही. सही मी करतो."

शिपायाने बोट ठेवून जागा दाखवली. मास्तरांनी चाचपडत नाव लिहिलं. शेवटचं अक्षर कागदाबाहेर चादरीवर गेलं.

पत्र गेलं त्याला पाच महिने झाले. उत्तर आलेलं नाही. पत्र परतही आलेलं नाही, असं शिपाई सांगतो. डाक वाटायच्या वेळी मास्तर खाटेवरून उठत नाहीत, फक्त चष्मा पुसून डोळ्यांवर चढवतात.