मामांचा शिकामो

आमच्या मामेसासऱ्यांइतकं स्वाहिलीवर प्रेम खुद्द आफ्रिकेतही कुणी करत नसेल. वडील झांजिबारच्या बंदरावर कारकून, त्यामुळे बालपण तिथे गेलं. चौदाव्या वर्षी मामा पुण्याला आले आणि म्हातारपणी लेकीकडे किवींच्या देशात, अल्बनीला. पण जीभ काही बंदर सोडायला तयार नव्हती. त्या भाषेत कित्येक वस्तूंच्या नावाला पुढे 'कि' लागला की एक आणि 'वि' लागला की अनेक. तिथल्या लोकांनी साहेबाच्या 'कीप लेफ्ट' या पाटीवरून रस्त्यातल्या राउंडअबाउटला 'किपलेफ्टी' म्हणायला सुरुवात केली, आणि दोन दिसले की बिनदिक्कत 'विपलेफ्टी'! गाडी चालवताना मामा हे इतके रंगात येऊन सांगत, की एकाच राउंडअबाउटला आमच्या तीन प्रदक्षिणा होत. "आजोबा, यू मिस्ड द एक्झिट अगेन," नात मागून शांतपणे म्हणे.

पेनरोजला आमच्या गोदामात झिंबाब्वेचा एक सहकारी होता. मामांनी माझा विसरलेला डबा पोचवायच्या निमित्ताने त्याला गाठलं. त्याची भाषा शोना. पण ती माणसाला 'मुन्हू' म्हणते आणि स्वाहिली 'म्तू', एवढ्यावर मामांनी त्याला चुलतभाऊ ठरवून थालीपीठ खाऊ घातलं. "स्वीट अ‍ॅज, अंकल," म्हणजे किवी बोलीत 'एकदम झकास', असं म्हणत त्याने लोणचंही संपवलं. मी उपाशी राहिलो, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

एक दुःख मात्र मामा उघड बोलून दाखवत. स्वाहिलीत थोरांना 'शिकामो' म्हणतात, म्हणजे आपलं 'पाया पडतो'. त्यावर थोरांनी 'मराहाबा' म्हणायचं. "हा नमस्कार धाकट्यानेच करायचा असतो," मामा म्हणत. "आता बहात्तराव्या वर्षी ती भाषा बोलणारं, माझ्याहून थोरलं कुणी कुठून आणू? मराहाबा न ऐकताच जायचं बहुतेक."

२०१६ च्या हिवाळ्यात त्यांना घेऊन हेन्डरसनच्या लायब्ररीत गेलो होतो. एक आफ्रिकन आजी लेकीशी बोलत बसल्या होत्या. मामांचे कान टवकारले.

"जावईबापू, माझ्याहून मोठ्या असतील ना?"

"नव्वदीच्या तरी असतील."

मामांनी टोपी काढली, पुढे होऊन वाकले. "शिकामो, मामा." स्वाहिलीत मामा म्हणजे आई, हे मला तेव्हा कळलं.

आजी त्यांच्या टकलावर हात ठेवून म्हणाल्या, "मराहाबा, म्वानांगु." माझ्या लेकरा. मामा तिथेच लहान मुलासारखे रडले, आणि खरं सांगतो, मलाही आवरेना.

पुढे दर मंगळवारी ते नमस्कार करायला जात. वर्षभराने आजी गेल्या. त्या दिवशी मामा एवढंच म्हणाले, "आता परत मीच सगळ्यांत मोठा."