सखाबाईनं दाखवलेली वाट

दिघोरीच्या तलावावर जाळं काढायला गेलेला श्यामलाल सकाळी जंगलाच्या कडेला मरून पडलेला सापडला. घोट्याभोवती जळाल्याची काळी रेघ होती. शेजारी चितळाची एक मादी तशीच पडलेली. शिकारीसाठी वाटेवर लावलेली विजेची तार मात्र कुणीतरी गुंडाळून नेली होती. कुणी, ते गावाला माहीत होतं. तारेत वीज सोडता येईल अशी जवळच्या शेतातली मोटर एकट्या भैय्यालालची. त्यानं तिरडीला खांदाही दिला. साक्ष द्यायला कुणी पुढं आलं नाही.

श्यामलालची बायको सखाबाई रडली नाही. मोहफुलं वेचायच्या निमित्तानं ती रोज जंगलात जाऊन चितळांचा कळप न्याहाळू लागली. वरून वानरं फुलं पाडत, खाली चितळं खात. म्हातारी मादी पुढं, बाकीच्या मागं. नर आज या कळपात, उद्या दुसऱ्या. एकीनं पाय आपटून हाळी दिली की सगळ्यांच्या शेपट्या वर. तारेवर मादी मेल्यापासून कळपानं ती वाट टाकली होती. भैय्यालालला नवी सापडत नव्हती.

सखाबाईनंच त्याला सांगितलं, "भाऊ, चितरं आता तुमच्याच बांधावरून पान्यावर जाऊन राहिले."

वनरक्षक साधनाला तिनं दिवस मावळताना बोलावलं. स्वतः मात्र आधीच जाऊन मोटरच्या पेटीमागं बसली. भैय्यालाल आला. उघडी तार पेटीला जोडून तो ती खुंट्यांना गुंडाळत बांधावरून पुढं सरकला. तार त्याच्या हातात, खटका सखाबाईच्या बोटांखाली.

तेवढ्यात झुडपातून चितळ ओरडलं. भैय्यालालनं वळून पाहिलं, तर पेटीशी सखाबाई.

"सखाबाई! दाबू नोको वो!"

"हात हालवला तं दाबलाच समज. माया मानसाले कोनं मारलं? बोल."

"म्या..."

"मोठ्यानं!"

"म्याच मारलं! तार मायीच होती!"

मागून आलेल्या साधनानं ते ऐकलं. सखाबाईची बोटं तिला खटक्यावरून ओढून काढावी लागली.

भैय्यालालला पोलिसांनी नेलं. त्याची बायको माफी मागायला आली.

"त्यायची चूक झाली, बाई. पदर पसरतो."

"माया मानसाले उठवून आन, मंग बोलू," म्हणत सखाबाईनं दार लावलं.

पुढं साधनानं विचारलं, "खरंच दाबला असता का?"

सखाबाई जाळं विणत होती. तिनं मान वर केली नाही.

"थ्या चितरानं अजून थोडं उशिरा ओरडाले पायजे होतं," ती म्हणाली.