पात्याभोवतीचा पत्रा

दादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी देवासच्या आमच्या दुकानात गवत कापायच्या त्या मशिनीसमोर बसलो होतो. दवाखान्यात परत जायचं धाडसच होत नव्हतं.

दादा माझा थोरला भाऊ. पंप आणि मोटारी दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, पण वेड एकच. ऑस्ट्रेलियात कुणीतरी फळांच्या रिकाम्या डब्याची पेट्रोलची टाकी करून, आडवं गरगरणारं पातं लावून गवत कापायची मशीन बनवली, ही गोष्ट तो टोंकखुर्दहून पंप घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही ऐकवायचा. "त्याच्याही आधी एकाने बनवली होती, भिया. इतनी भारी, की पुढून दोरीने ओढायला दुसरा माणूस लागायचा!" आमचीही तशीच झाली. जुन्या स्कूटरचं इंजिन, आमरसाच्या डब्याची टाकी... दादा पुढून ओढायचा, मी मागून ढकलायचो. लोक हसायचे, दादा त्यांच्याहून मोठ्याने हसायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुऊन पूजेला मांडतात, मग दिवसभर त्यांना कुणी हात लावत नाही. मशिनीचं खरं हत्यार म्हणजे पातं, कुंकू त्यालाच लागायला हवं, म्हणून मी त्याच्या भोवतीचा, उडणारे दगड अडवणारा पत्रा काढला. परत बसवायला पाना हवा, तो तर देवापुढे. उद्या बसवू म्हटलं... दसऱ्याला सकाळीच एका शाळेच्या मैदानावर मशीन चालवून दाखवायची होती. घाईत मी विसरलो. दहा पावलंही गेलो नसू. पात्याखालून दगड उडाला आणि दोरी ओढणाऱ्या दादाच्या डोक्याला मागून लागला.

शुद्ध होती तोवर तो वहिनींना एकच सांगत राहिला, "पत्रा मीच काढला होता गं. गलती मेरी है." मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आता वहिनी मलाच धीर देतात. "तुमचा काय दोष, भाऊजी?" म्हणत पानात वाढतात आणि मी अर्ध्या पानावरून उठतो. दोरी माझ्या हातात असती तर... दुसरं काही सुचतच नाही. समोर बसून सांगायला गेलो, चारदा परत आलो.

दादाची मुलं हिंदी शाळेत शिकली. मराठी बोलतात, वाचत नाहीत. हे जिच्यात छापायला पाठवतोय, ती रविवारची मराठी पुरवणी दादा-वहिनी चहाबरोबर वाटून वाचायचे. अजूनही रविवारी त्या दादाच्या वाट्याचं पान त्याच्या खुर्चीवर ठेवतात, आणि आपलं संपलं की तेही उचलून वाचतात.

वहिनी, पत्रा मी काढला होता.