परत बसवलेली चिप

डोंबिवली पूर्वेत मंदाकिनी तळवडेकरांइतकी खडूस बाई शोधून सापडायची नाही, असं त्यांच्या सोसायटीत कुणीही सांगेल. उभी हयात मानपाड्याच्या एका टीव्ही कारखान्यात सर्किटं तपासण्यात गेली. कारखाना बंद पडला, नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच. शेजाऱ्यांचे मिक्सर, इस्त्र्या मंदाताई दुरुस्त करून द्यायच्या आणि वस्तू हातात ठेवली की दार लावून घ्यायच्या. ‘चहा घेता का?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. मग लोक तरी कशाला थांबतील?

अशा बाईकडे सुशांत आला. पंचेचाळिशीचा, ठाण्याला बँकेत नोकरी. त्याची आई एकेकाळी मंदाताईंच्याच कारखान्यात होती, तिनेच पाठवलेला. काखेत जुना घरगुती कॉम्प्युटर, सगळा कीबोर्डातच मावलेला, टीव्हीला जोडायचा. शाळेत असताना वडिलांनी घेऊन दिलेला.

“मावशी, चालू केला की नुसत्या रेघा येतात.”

“ठेव आणि जा.”

“नाही हो, तुम्ही कसं करता ते बघायचंय मला.” आणि पठ्ठ्या बसलाच की स्टूल ओढून!

मग दर रविवारी यायला लागला. तोंडाची टकळी अखंड चालू. मंदाताई “गप रे जरा” म्हणून डाफरायच्या, आणि तो गप झाला की त्यांनाच करमायचं नाही. पुढे पुढे तर त्यांनी चक्क कांदेपोहे करायला सुरुवात केली.

एका बुधवारी, घरात एकट्याच असताना, त्यांनी मशीन चालू ठेवून मेमरीच्या चिपांवरून बोट फिरवलं, आजारी पोराच्या कपाळाला लावावं तसं. बाकीच्या कोमट, एक मात्र चटका देणारी. सापडला चोर! ती काढून तिथे सॉकेट, म्हणजे चिप हवी तेव्हा काढता-घालता येईल अशी खाच, बसवलं, आणि सॉकेटात आपल्या जुन्या डब्यातली चांगली चिप. स्क्रीन लख्ख आली, कर्सर लुकलुकायला लागला. मंदाताईंनी हसून मान वळवली. स्टूल रिकामं होतं.

 आता रविवारी सुशांत येणार, मशीन उचलणार, थँक्यू मावशी म्हणणार, संपलं. त्यांनी चांगली चिप उपटून डब्यात टाकली आणि तापणारी परत सॉकेटात बसवली. जन्मात कुणाला कामात फसवलं नव्हतं या बाईने.

“किचकट आहे रे. वेळ लागेल,” रविवारी त्या म्हणाल्या.

“लागू दे की!”

दिवाळी झाली. सुशांत फराळाचा डबा घेऊन आला. रेघा तशाच होत्या, आणि मंदाताई सुखात होत्या.

मग एका रविवारी तो पोह्यांना नको म्हणाला. “पुण्याला बदली झाली, मावशी. उद्या सामान निघतंय. राहू दे आता, बंदच नेतो. शोकेसमध्ये ठेवीन.” तो वायर गुंडाळायला लागला.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण आपल्या हातून मशीन बंद परत जातंय, हे त्यांना सोसवेना. “थांब,” त्या म्हणाल्या. डब्यातली चिप काढली, बसवली, बटण दाबलं. स्क्रीन लख्ख.

सुशांतने स्क्रीनकडे पाहिलं, मग डब्याकडे. “मावशी, कधी सापडलं हे?”

“दिवाळीच्या आधी.” त्यांनी मान वर केली नाही. लाजेने कानशिलं तापली होती.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर टेकला आणि हळूच म्हणाला, “नुसतं ये म्हटलं असतंत, तरी आलो असतो की हो.” मग त्याने पोहे खाल्ले, पाया पडला आणि मशीन घेऊन गेला.

पुढच्या रविवारी मंदाताई सकाळपासून फोन हातात धरून बसल्या. नुसतं ये म्हणायचं, बास. पण मधे बिघडलेली वस्तू नसताना माणसाला बोलवायचं कसं, हे त्यांना कधी जमलंच नव्हतं. शेवटी एकदाचा लावला.

“काय रे, चालतंय ना मशीन नीट?”

“एक नंबर, मावशी! काही म्हणजे काही त्रास नाही.”

“हो का,” मंदाताई म्हणाल्या. “बरं झालं.”