सायकलीला हात लावू नका

पांढरकवड्यात मला ओळखणारे लोक हल्ली एक वाक्य फार बोलतात — "पोरगी कोर्टात खरं बोलली." टपरीवर बोलतात, घरी येऊन आईजवळ बोलतात. मी मान हलवते आणि विषय बदलते. कारण कोर्टात मी अर्धंच बोलले. उरलेलं अर्धं आईला माहीत नाही, वकीलबाईंना माहीत नाही, आणि ज्याच्या मांडीत आज लोखंडी सळई आहे त्या माणसाला तर नाहीच नाही. ते इथं सांगते.

मला खरं तर सरळ बोलायची सवय आहे. पत्रकं लिहिते मी. पत्रकात घोळ घालून चालत नाही — तीन ओळींत माणूस पेटला पाहिजे, चौथ्या ओळीत त्यानं काय करायचं ते कळलं पाहिजे. आणि इथं बघा, दुसरा परिच्छेद आला तरी मी अजून दारातच उभी आहे.

आमची सात-आठ जणांची मोहीम आहे, सायकलवाल्यांसाठी. हायवेच्या कडेकडेनं कापसाच्या जिनिंगवर जाणारी माणसं, शाळेत जाणाऱ्या पोरी, दुधाचे कॅन लटकवलेले म्हातारे — यांना कार उडवते, आणि पेपरात काय येतं? 'सायकलस्वार कारला धडकला.' कोण कुणाला धडकलं? सायकलवाला रस्त्यावर पाहुणा आहे का? हा माझा राग खरा आहे. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वाचून तुम्हाला शंका येईल.

आम्ही दोन कामं करतो. सायकलीच्या मागच्या मडगार्डवर गाडीच्या दिव्यात चमकणारं लाल स्टिकर लावतो, फुकट. आणि कारनं उडवलंच तर काय करायचं, त्याचं पत्रक वाटतो. ते मी लिहिलेलं आहे. गाडीचा नंबर आधी टिपा. दवाखान्यात अपघाताची नोंद करायला लावा. पोलिसांत तक्रार द्या, प्रत घेतल्याशिवाय उठू नका. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. वकील परवडत नसेल तर सरकारकडून मोफत वकील मिळतो — भीक नाही ती, हक्क आहे. आणि सगळ्यांत वर, जाड अक्षरात, चौकटीत — पंचनामा होईपर्यंत सायकलीला हात लावू नका. आपल्याकडे माणूस पडला की लोक आधी सायकल उचलून बाजूला लावतात, हँडल सरळ करतात, कुणी चेनसुद्धा बसवून देतो. चांगुलपणाच असतो तो. पण त्या चांगुलपणात पुरावा पुसला जातो. म्हणून ती चौकट.

पत्रकाखाली फोन नंबर. माझा.

पावणेदोन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, त्या नंबरवर फोन आला. सकाळचे साडेनऊ. हायवेवरचा टपरीवाला होता. "ते सायकलवाल्या मॅडम न तुमी? इथं वसरामले उडवलं कारनं. वरच्या तांड्यावरचा वसराम, जिनिंगच्या काट्यावर बसते तो. या बाप्पा लवकर."

मी पोचले तोवर वसरामकाकाला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं होतं. पोलीस यायचे होते. कार रस्त्यात आडवी उभी, एक दिवा फुटलेला, कारवाला फोनवर, आणि भोवती गर्दी. गर्दी नेहमी कारभोवती असते, पाहिलंय तुम्ही? सायकल पलीकडे बाभळीखाली एकटी पडली होती. डबा उघडून भाजी मातीत गेलेली. मागचं मडगार्ड चेपून आत गेलेलं. आणि मडगार्डवर — स्टिकर नव्हतं.

कॅरिअरला एक मळकं फडकं बांधलेलं होतं, मडगार्डवर लोंबत होतं. मी गाठ सोडली. फडकं गोळा करून पिशवीत कोंबलं. पिशवीत स्टिकरांचा गठ्ठा असतोच. एक सोललं आणि मडगार्डवर चिकटवलं. मडगार्ड चेपलेलं, म्हणून स्टिकर मधे उचललं जात होतं. अंगठ्यानं दाबून दाबून बसवलं. दहा आकडे मोजाल तेवढ्यात सगळं झालं. कुणी पाहिलं नाही.

जिनं ती चौकट लिहिली, तिनंच.

मग पोलीस आले, फोटो निघाले, पंचनाम्यात ओळ आली — 'मागील मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर स्टिकर चिकटवलेले आहे.' घरी येऊन मी पिशवी रिकामी केली तर ते फडकं उलगडलं. फडकं नव्हतंच ते. बंजारा बाया आरसे टाकलेली चोळी घालतात ना, कांचळी — तिचा तुकडा होता. लाल कापड, बारीक टाके, आणि धुळीखाली सात आरसे. शाबूत. मी एक आरसा बोटानं पुसला, खिडकीतलं ऊन त्याच्यावर आलं आणि माझे डोळे दिपले. मग मी काय केलं? घडी घालून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.

आता कळतंय ना, मी कशाभोवती फिरतेय?

काकाच्या मांडीचं हाड तुटलं. सळई बसली, पण पाय आखूड झाला. जिनिंगच्या वजनकाट्यावर दुसरा माणूस लागला. भरपाईचा दावा टाकायला मीच धावले — मोफत वकील मिळवून दिली, कागद जमवले, दर तारखेला कोर्टात मागच्या बाकावर फाइल घेऊन बसले. लोक म्हणायचे, किती करते पोरगी. करत तर होतेच.

काकाच्या उलटतपासाचा दिवस. विमा कंपनीचे वकील उंच, हसरे, आपल्याच भागातले. त्यांनी काकाला विचारलं, सायकलीला मागून दिसायला काही होतं का?

"होतं साहेब. लाल कपडा होता, आरशाचा. घरच्या बाईनं बांधलता."

"आरशाचा कपडा! वा. फोटोत दाखवा बरं."

काकानं चष्मा चढवला. फोटो जवळ धरला, लांब धरला. "याच्यात नाही दिसून राह्यला."

"अन् हे स्टिकर कोणं लावलं?"

"हे मले मालूम नाही."

"सारी सायकल धुळीनं भरली, मडगार्ड चेपलं, अन् स्टिकर पाहा — नवरदेवावानी! चेपल्यावर चिकटवलं न हे?" कोर्टात हशा पिकला. "म्हणजे जे होतं म्हणता ते फोटोत नाही, अन् जे फोटोत हाय ते तुमचं नाही. मंग काका, तुमचं खरं तरी काय हाय? पाय तरी खरा मोडला काय?"

"पाय तं खरा हाय, साहेब," काका म्हणाला आणि पिंजऱ्यात उभ्या उभ्या पँटचा पाय वर करायला लागला. न्यायाधीश म्हणाले, राहू द्या, त्याची गरज नाही.

बाहेर पायरीवर तो बसला. बायको शेजारी. तांड्यावर तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई, मीही म्हणते. काकानं माझ्याकडे पाहिलं. "तुले तरी पटते काय बाई, का कपडा होता?"

मी म्हटलं, "पटते काका."

पिशवी माझ्या खांद्यावर होती. आतल्या कप्प्याची चेन लावलेली.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. खोटं बोलले असते तर एक वेळ बरं होतं. मी खरं बोलले — 'पटते' — आणि त्या खऱ्याचा उपयोग लपायला केला. त्यानंतर आणखी तीन तारखा मी गप्प होते. तांड्यावर पोरं काकाला 'नवरदेव स्टिकर' म्हणून चिडवायला लागली. शेवटी एक दिवस तो वकीलबाईंना म्हणाला, दावा मागं घ्या. "लंगडा तं झालोच. आता खोटा म्हणून कायले जाऊ दर खेपी?" तांड्याच्या नायकानंही समजावलं, पण तो ऐकेना. आयुष्यभर काट्यावर बसलेला माणूस. त्याच्या तोंडच्या वजनावर कुणी दुसऱ्यांदा गाडी तोलून पाहिली नव्हती.

तेव्हा मी वकीलबाईंच्या टेबलावर तो तुकडा ठेवला आणि सांगितलं. त्यांनी एकेक आरसा बोटानं चाचपला. मग म्हणाल्या, "पत्रकं वाटत फिरते गावभर. एखादं सोता वाचून पाहावं का नाही?"

मी साक्ष दिली. फडकं मी सोडलं, स्टिकर मी लावलं, चेपलेल्या मडगार्डवर लावलं. विमा कंपनीच्या वकिलांनी सोललं मला, आणि सोलायलाच हवं होतं. न्यायाधीशांनी सगळ्यांसमोर झापलं. पण पिंजऱ्यातून उतरताना आतून कसं मोकळं वाटत होतं — घट्ट चप्पल दिवसभर घालून घरी येऊन काढावी तसं. गेल्या महिन्यात दाव्याचा निकाल लागला. काकाच्या बाजूनं. निकालात एक ओळ अशी आहे — सकाळी साडेनऊच्या लख्ख उजेडात रिफ्लेक्टर होता की नव्हता, याला महत्त्व नाही.

महत्त्व नाही. थांबा जरा इथं. लख्ख उजेड होता. मागून ऊन होतं. त्या उन्हात काही चमकलं असेल तर ते सात आरसे. माझं स्टिकर मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात चमकतं, भरदिवसा नाही. हे मला त्या सकाळी माहीत नव्हतं? मी तर शाळाशाळांत जाऊन हेच शिकवते!

मग काहून लावलं?

निकालानंतर काका काठी टेकत आमच्या घरी आला. याडीनं उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. शेंगा सोलता सोलता काका म्हणाला, "केलं तं वाकडंच तू. पण माह्यासाठी केलं न, बाई. जाऊ दे." माझी आई पदर डोळ्याला लावून बसली. आणि याडी सहज, काहीच मनात न ठेवता बोलली — "अपघाताच्या आधी तुमचे लोक येनार म्हनत होते, स्टिकर लावाले. दोन दिस सायकली पुसून ठेवल्या साऱ्याइनं. नाही आले कोनी. म्हून म्या कांचळी फाडली अन् बांधली."

तुमचे लोक. कोण तुमचे लोक? मी.

आता ते अर्धं.

अपघाताच्या तीन महिने आधी त्या तांड्यावर जायचं काम माझ्याकडे होतं. निरोपही मीच धाडला होता. हायवेवरून आत कच्चा रस्ता, चिखल, स्कूटी घसरत होती. मी फाट्यावरच्या हॉटेलात बसले, तर्री-पोहे खाल्ले आणि वाटपाच्या वहीत लिहिलं — 'वरचा तांडा. सायकली बावीस. झाले.' खाली सही. उद्या जाऊ म्हटलं. उद्या गेले नाही, परवाही नाही. मग यवतमाळच्या सभेत माईक हातात आला आणि मी ओरडले, "एकही तांडा सुटला नाही!" टाळ्या पडल्या. पुढच्या पत्रकावर ते वाक्य छापूनही आलं.

त्या सकाळी बाभळीखाली कोरं मडगार्ड बघून मला काकाचा दावा आठवला नाही. काकाचा पायही आठवला नाही. वही आठवली. पेपरवाला येईल, फोटो काढेल, कुणी विचारेल, 'झाले' लिहिलेल्या तांड्यावरची सायकल कोरी कशी? बस, एवढंच होतं डोक्यात. काकासाठी मी काहीही केलं नाही. त्याच्या बायकोनं केलं होतं, ते मी सोडून पिशवीत घातलं.

आणि त्यानं माफ केलं ते न केलेल्या गोष्टीसाठी. मी शेंगा खात राहिले.

मागच्या आठवड्यात मी वरच्या तांड्यावर गेले. रस्ता तसाच आहे, जायला वीस मिनिटं लागतात. संध्याकाळपर्यंत सगळ्या सायकलींना स्टिकर लावले. बावीस हा आकडा मी पोह्यांच्या बशीवर बनवलेला. सायकली एकतीस निघाल्या. वहीतली जुनी ओळ खोडली नाही. तिच्यासमोर लाल शाईनं लिहिलं — 'गेले नव्हते' — आणि पुन्हा सही केली. परतताना स्कूटी एकदा घसरली, मी चिखलात बसले आणि एकटीच हसले. खूप दिवसांनी.

पत्रकाची नवी आवृत्ती छापायला गेली आहे. चौकट तीच आहे. तिच्याखाली एक ओळ वाढवली आहे — 'हा नियम हे पत्रक लिहिणारीनं मोडला होता.' आणि मागच्या पानावर, सभेतल्या त्या वाक्याच्या जागी, तुम्ही आत्ता वाचताय ते हे सगळं.

पहिली प्रत तांड्यावर जाईल. काकाला वाचता येतं. चष्मा लावून, एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचतो. दोन पानांना त्याला बराच वेळ लागेल. त्याचं वाचून होईपर्यंत मी समोर बसणार आहे.