टाळ्या नको, मतं मोजा!

पक्षाचं काम करून माणसाच्या हाती शेवटी काय लागतं? हार दुसऱ्या दिवशी सुकतात. शाली इतक्या होतात की बायको त्या पाहुण्यांच्या अंगावर घालते. फोटोत तर आपण कायम अर्धेच येतो. किस्से मात्र साठत जातात, घरामागे नारळाची सोडणं साठतात तसे!

पालघरच्या आमच्या पक्ष कार्यालयाचा मी जुना चिटणीस. गेल्या निवडणुकीत नगराध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला आम्ही चक्क पक्षातल्या पक्षात मतदान घेतलं. त्या एका मतदानाने मला जेवढे किस्से दिले, तेवढे बाकीच्या सगळ्या निवडणुकांनी मिळून दिले नसतील.

* * *

मुळात हे मतदान ठरलं कसं, तेच ऐका.

आमच्याकडे निर्णयाची पद्धत सोपी. आप्पा, म्हणजे आमचे तालुक्याचे नेते, नाव सांगणार. आम्ही टाळ्या वाजवणार. मी वहीत 'एकमताने मंजूर' लिहिणार. मग चहा.

या वेळी पद महिलांसाठी राखीव झालं आणि आप्पांनी सुनेचं नाव जाहीर केलं. केतकी त्यांची सून, बोईसरच्या एका औषध कंपनीत केमिस्ट. हुशार आणि हसतमुख पोरगी. नाव जाहीर झालं तेव्हा ती कंपनीत ड्यूटीवर होती.

आम्ही टाळ्यांसाठी हात उचलले, तेवढ्यात मंदाताई उभ्या राहिल्या. माहेर किनाऱ्यावरच्या दांडी गावचं, आमच्या बाजारात मच्छी विकतात आणि ऐन तारुण्यापासून पक्षाचा झेंडा खांद्यावर. पदर खोचून म्हणाल्या, "आप्पा, मला बी उभं ऱ्हायचं हाय. या वक्ताला टाळ्या नको, मतं मोजा!"

मग मागच्या रांगेत कोणीतरी सवयीने टाळी वाजवली. एकाने वाजवली की सगळ्यांनी वाजवायची, ही आमची शिस्त! बघता बघता कडकडाट झाला.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा सारखा करत म्हणालो, "आप्पा, टाळ्या पडल्या. मंजूर झालं!"

* * *

मी कुठल्याच गटात नाही, म्हणून निवडणूक अधिकारी मलाच केलं. तरी मच्छी घ्यायला बाजारात जावंच लागतं. मंदाताई पाटावर बसून प्रचार करत होत्या. समोर आमचाच एक सभासद उभा.

"मंदाताई, पापलेट कसं दिलं?"

"मत देनार काय, ते आदी सांग."

"त्याचा आणि पापलेटचा काय संबंध?"

"कायच नाय. मत दिलंस तरी भाव तोच, नाय दिलंस तरी तोच. पन काटे काढताना माजं लक्ष कुटं ऱ्हाईल, ते सांगता येत नाय!"

तो गेल्यावर मात्र माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज उतरला. "काका, पयल्यांदा म्हनले आरक्षण नाय. मग म्हनले पुडच्या वक्ताला बगू. पुडच्या वक्ताला दुसरीच कोन आली. आमी सतरंज्याच घालायच्या काय? या वक्ताला नाय झालं, तर परत तोंड उगडायची नाय मी."

मला फार वाईट वाटलं. ही बाई जिंकावी असं मनापासून वाटलं. पण मी पडलो निवडणूक अधिकारी! गुपचूप बोंबील घेतले आणि घरी आलो.

* * *

बबन रिक्षावाला आमच्या प्रचाराचा भोंगा. वर्षानुवर्षं तोच. या मतदानात फक्त पक्षाचे सभासद होते, भोंग्याची काही गरज नव्हती. पण निवडणूक म्हटल्यावर बबनला चैन कुठे पडणार! रिक्षाला कर्णा बांधून तो गावभर ओरडत सुटला, "विरोधकांचं डिपॉझिट जप्त करा!"

मी त्याला चौकात अडवला. "अरे, दोन्ही उमेदवार आपलेच आहेत. विरोधक कोण?"

बबनने डोकं खाजवलं. कर्णा बंद केला, थोडा विचार केला आणि परत चालू केला, "दोघांचंही डिपॉझिट जप्त करा!"

* * *

आता हल्लीच्या राजकारणात मतदार पळवतात म्हणून त्यांना रिसॉर्टवर ठेवायची फॅशन आहे. आप्पांच्या गटाला वाटलं, आपणही मागे का राहावं? मतदानाच्या आदल्या दिवशी आपली सगळी माणसं टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये घालून त्यांनी केळव्याला नेली. ज्यांची घरं केळव्यापासून हाकेच्या अंतरावर, तेही बॅगा भरून आले होते! मोबाइल काढून घेतले, गेटवर माणूस बसवला. बंदोबस्ताचा प्रमुख विलास, आप्पांचा उजवा हात.

दुपारी रिसॉर्टच्या मागच्या दाराने मच्छीची टोपली आली. टोपलीखाली मंदाताई! त्या रिसॉर्टला रोजची मच्छी त्याच पुरवतात, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यात आचाऱ्याने दांडी मारलेली. मालक म्हणाला, "ताई, माणसं भुकेली आहेत, तेवढं कालवण टाका."

मंदाताईंनी मसाला वाटला, कालवण केलं, तुकड्या तळल्या, आणि स्वतः फिरून वाढलं. मताबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त "अजून घे रे, लाजू नको."

संध्याकाळी आप्पांचा फोन. विलास हळूच म्हणाला, "आप्पा, माणसं एकदम सुरक्षित आहेत. फक्त ती आता मंदाताईंचं मीठ खाऊन बसली आहेत!"

* * *

मतदानावर देखरेख करायला मुंबईहून निरीक्षकसाहेब यायचे होते. आम्ही सकाळपासून हार घेऊन उभे, साहेबांचा पत्ता नाही. झालं असं की साहेब गाडीत झोपले आणि ड्रायव्हर पालघर मागे टाकून थेट बोईसरला पोचला. तिथे एका कारखान्याच्या गेटवर कामगारांची सभा चालली होती. पांढरे कपडे, पांढरी गाडी बघून कामगार धावले, "आइए नेताजी, आपका ही इंतजार था!" साहेबांना वाटलं, आलं पालघर. त्यांनी स्टेजवर जाऊन शाल घेतली आणि दणदणीत भाषण ठोकलं.

उशिरा का होईना, आमच्याकडे पोचले. मी विचारलं, "साहेब, खूप त्रास झाला का?"

"छे! उलट तुमच्यापेक्षा ती माणसं जास्त शिस्तीची वाटली," ते म्हणाले. "बोनसचं आश्वासन मी देऊन आलोय, पुढचं तुम्ही बघून घ्या."

* * *

मतदान सुरू झालं. मतपत्रिका विलासने छापून आणल्या होत्या. वर आमच्या पक्षाचं मोठं रंगीत चिन्ह, खाली दोन नावं. ज्याला मत द्यायचं त्याच्या नावापुढे शिक्का मारायचा. शाळकरी पोरालाही जमेल असं काम!

पेटी उघडली. पहिली मतपत्रिका काढली, शिक्का पक्षाच्या चिन्हावर. दुसरी, चिन्हावर. तिसरीही तीच. मंदाताईंचं नाव कोरं आणि केतकीचंही कोरं. वर चिन्हाचा मात्र पार चोथा झालेला!

निरीक्षकसाहेब डाफरले, "वाचता येत नाही का तुम्हाला? ही मतं कोणाला द्यायची आता?"

पुढच्या खुर्चीवरचे दामूकाका काठी टेकत उठले. पक्षाचे सगळ्यात जुने सभासद. "साहेब, आमाला रागवू नका. जल्म गेला तुमचं ऐकन्यात. तुमीच सांगता ना, नाव बगू नका, मानूस बगू नका, डोळे मिटून आपल्या चिन्हावर शिक्का मारा!"

सगळी मतं बाद. जेवण उरकून पुन्हा मतदान घ्यायचं ठरलं. मधल्या वेळात मी आणि विलास कात्री घेऊन बसलो आणि उरलेल्या मतपत्रिकांवरून आमचं लाडकं चिन्ह कापून टाकलं. पक्षावर एवढी निष्ठुर कारवाई विरोधकांनीही कधी केली नसेल!

* * *

दुपारचं मतदान मात्र नीट चाललं. कोणी हसत नव्हतं. मंदाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं त्यांनी.

रांग संपली. मी पेटी उचलणार, इतक्यात आप्पा गरजले, "थांबा! आमच्या सुनबाईचं मत राहिलंय!"

केतकीच्या कंपनीला रविवारची सुट्टी नसते. मतदानाची वेळ अजून संपली नव्हती, त्यामुळे आप्पांचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. आम्ही थांबलो. आप्पा स्वतः दारात उभे राहिले. अगदी शेवटच्या क्षणाला रिक्षा आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, घामाघूम झालेली केतकी धावत आत शिरली. शिक्का मारला, सासऱ्यांना नमस्कार केला आणि मागे जाऊन बसली.

मोजणी झाली. निरीक्षकसाहेबांनी दोनदा मोजलं, मी तिसऱ्यांदा मोजलं.

मंदाताई एका मताने निवडून आल्या!

मंदाताई पदराने तोंड झाकून रडायला लागल्या. दामूकाकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बबन कर्णा आणायला पळाला. आप्पाही माणूस मोठ्या मनाचा. पुढे होऊन त्यांनी पहिला हार स्वतःच्या हाताने घातला. त्या रात्री मी समाधानाने जेवलो.

सोमवारी सकाळी दूध आणायला निघालो, तर कोपऱ्यावर केतकी कंपनीच्या बसची वाट बघत उभी. डबा, छत्री, सगळं नेहमीसारखं. काहीतरी बोलावं म्हणून जवळ गेलो.

"बाळ, मनाला लावून घेऊ नकोस. एका मताचाच काय तो फरक पडला."

बस आली. केतकीने पायरीवर पाय ठेवला आणि वळून म्हणाली, "मनाला कशाला लावून घेऊ, काका? त्या एका मतासाठीच तर मी हाफ डे टाकून आले होते!"