पाणवठ्याचं पक्कं काम

मी एटापल्लीच्या पलीकडं वनखात्याच्या एका रेंज ऑफिसात कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता. माणसांची वाटणी झाली, टेबल-खुर्च्यांची झाली, पण कोणत्या कामाचा पैसा कुठून यायचा याची काही होईना. चंद्रपूर म्हणे गडचिरोलीला विचारा, गडचिरोली म्हणे कागद अजून चंद्रपुरातच आहेत. तोवर आम्ही जंगल राखत होतो ते जवळजवळ फुकटात.

मग मार्च यायचा, आणि सरकारला जंगलाची एकदम आठवण व्हायची. वर्षभर पत्राला उत्तर न देणारं खातं शेवटच्या आठवड्यात तार करायचं, की अनुदान आलं आहे, महिनाअखेर खर्च करा, नाहीतर परत जाईल. अनुदान परत जाणं याहून मोठं पाप आमच्या खात्यात नव्हतं. साग चोरीला गेला तर चौकशी, वाघ मेला तर पंचनामा, पण पैसा परत गेला तर थेट बदली. आमच्याहून वाईट जागा कोणती हे ठाऊक नसल्यानं आमचे रेंजर साहेब बदलीला जरा जास्तच भीत.

त्या वर्षी दिवाळीपासून एक वयस्क बाई ऑफिसात चकरा मारत होती. तिचं जंगलातलं मूठभर घरांचं गाव. तिथं विहीर नव्हती, नाल्याच्या रेतीत हातानं खणलेला एक झिरा होता. खालून पाझरून पाणी वर यायचं आणि बाया ते वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यानं गुंडात, म्हणजे घागरीत भरायच्या. उन्हाळ्यात कडा खचून झिरा बुजायचा, मग नदीपर्यंत पायपीट. तिच्या सुनेला दिवस गेलेले होते, भर मे महिन्यात बाळंतपण येणार होतं, आणि घरात पाणी आणणारी ही एकटी.

"मले विहीर नको बाबू," ती म्हणायची. "चार गोटे रचून द्या कडेनं. रेती खचते न, म्हनून."

पाणीपुरवठ्यावाल्यांनी हात वर केले होते, कारण गाव इतकं लहान की त्यांच्या नियमात बसेना. आमच्याकडं पाण्यावरच्या खर्चाचं हेड होतं, पण ते वन्यप्राण्यांसाठी. माणसाला तहान लागणं आमच्या खात्यात येत नव्हतं. माझं लहानपण कोळशाच्या खाणीजवळच्या बौद्ध वस्तीत गेलं. तिथं खाणीतलं पाणी रात्रंदिवस पंपानं उपसून नाल्यात सोडलेलं मी पाहिलं होतं. पाणी फेकून द्यायला सरकारला पैसा कधी कमी पडला नाही, आणि इथं चार दगड रचायला हेड सापडत नव्हतं. माझं डोकं फिरायचं.

मार्चमध्ये तार आली ती नेमकी पाणवठ्यांची. ट्रक पोचेल अशी जागा एकच होती, बाईच्या गावाचा नाला. झिऱ्याभोवती चितळांच्या खुरांचे ठसेही होते, कारण पहाटे तीही तिथंच पाणी प्यायची. साहेबांना मी म्हटलं, जनावरांचंही होईल आणि गावाचंही. साहेब खूश झाले. बाई तर गावातल्या बायांना घेऊन मजुरीला आली.

पण एस्टिमेट वरून तयार आलं होतं, साऱ्या राज्याला एकच. बशीच्या आकाराचं टाकं, पक्क्या कडा आणि तळ सिमेंटचा. गवंडी झिऱ्यातलं पाणी उपसून तळावर गिट्टी टाकू लागला, तशी बाई पुढं झाली.

"साहेब, खालून बंद केलं त पानी कुठून येईन?"

आमचे साहेब काही मूर्ख नव्हते. "ते मलाही कळतं बाई. पण कच्चा तळ ठेवला तर बिल पास होत नाही."

गवंड्याला कळत होतं, वनरक्षकाला कळत होतं, मला कळत होतं. सगळ्यांना सगळं कळत असताना आम्ही एका जिवंत झऱ्यावर सिमेंट ओतलं. वर पाटी लावली, "वन्यप्राण्यांसाठी राखीव". पैसा वेळेत खर्ची पडला आणि साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

एप्रिलभर ती बशी कोरडी ठणठणीत होती. चितळं यायची, हुंगायची, निघून जायची. बाई नदीवरून पाणी वाहून थकली आणि एक दिवस ऑफिसात आली. साहेब म्हणाले, टँकरला नव्या वर्षाचं अनुदान यायचं आहे, बघू. म्हणजे बाळानं पुढच्या मार्चपर्यंत पोटातच दम धरायचा होता.

बाई उठली. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "बाबू, सब्बल हाय का?"

ऑफिसच्या मागच्या खोलीत एक पहार होती. मी काढून दिली, आणि नोकरीत तेवढा आनंद मला पुन्हा फारसा झाला नाही. बायांनी एका सकाळी पाण्याच्या हेडमधून झालेला तो तळ फोडला. दुपारपर्यंत ओल आली, दुसऱ्या दिवशी पाणी. गंमत अशी, की पक्क्या कडांमुळं आता रेती खचत नव्हती. बाईला जे चार गोटे हवे होते, ते अखेर असे मिळाले. मेमध्ये सून बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तिची पहिली आंघोळ त्याच पाण्यानं झाली.

त्याच महिन्यात मोठे साहेब जीपनं पाहणीला आले. भर उन्हाळ्यात टाकं भरलेलं पाहून त्यांचा चेहरा उजळला. पाण्याखालचा तळ बघायला ते काही वाकले नाहीत. "याला म्हणतात पक्कं काम," ते म्हणाले. मी तोंड उघडणार तोच आमच्या साहेबांनी माझ्या पायावर पाय दिला.

नमुना यशस्वी ठरला. पुढच्या मार्चला अनुदान वाढून आलं, वर हुकूम, की या भागातल्या सगळ्या झिऱ्यांवर अशीच टाकी बांधा, तळासकट.

त्याच आठवड्यात बाई ऑफिसात आली. कडेवर नात, खांद्यावर आमची सब्बल. मला वाटलं, परत करायला आली.

"औंदा कोनत्या गावी करून राह्यले, बाबू?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"मंग हे आत्ताच नाई देत," ती म्हणाली. नातीला कडेवर नीट सावरून घेतलं आणि ती त्याच गावच्या वाटेला लागली.